अभिनेत्री दुर्गाबाई खोटे

१९१३ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. दादासाहेब फाळके यांनी अपार कष्टांनी तयार केलेला 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत ३ मे रोजी लोकांपुढे आला. पांढऱ्या पडद्यावर माणसे चालत आहेत, हातवारे करीत आहेत, शोक करीत आहेत, हे पाहून प्रेक्षक थक्क झाले. त्या चित्रांना आवाज नव्हता. तरीही सत्यासाठी राज्य सोडणारा हरिश्चंद्र आणि त्याच्यामागून रानोमाळ जाणारी राणी तारामती यांची कथा सर्वांना कळली.

परंतु पडद्यावर दिसलेली ती तारामती स्त्री नव्हती. ह्या भूमिकेसाठी फाळके यांनी पुष्कळ शोध केला, जाहिराती दिल्या; पण मनाजोगती स्त्री त्यांना मिळाली नाही. चित्रपटात काम करणे हे कुलीन स्त्रीला कमीपणा आणणारे आहे, अशी त्या काळी समजूत होती. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून त्यांनी तारामती उभी केली. फाळके यांच्या पुढच्याच चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला ह्या दोघींनी काम केले आणि पडद्यावर स्त्रीचे पहिले पाऊल पडले. तरी समाजाचे मत एकदम पालटले नाही. चांगल्या घरच्या मुलींना ती वाट बंदच राहिली.

पुढे एकोणीस वर्षांनी तीच तारामती पुन्हा पडद्यावर आली. ह्या खेपेस ती बोलत होती, गात होती आणि तेही मराठीत! ती भूमिका करणारी स्त्री सुशिक्षित होती, मुंबईतील प्रतिष्ठित घराण्यातील होती आणि दोन मुलांची आई होती. तिचे नाव दुर्गाबाई खोटे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईस झाला. त्यांचे माहेरचे आडनाव लाड. वडिलांचे नाव पांडुरंग शामराव आणि आईचे नाव मंजुळाबाई. हे घराणे मूळचे गोव्याकडील. घरात कोंकणी बोलली जाई. गिरगावातील कांदेवाडीत मोठ्या एकत्र कुटुंबात दुर्गाबाईंचे बालपण गेले. घरात माणसांची आणि आल्यागेल्याची वर्दळ असे. कशाची वाण नव्हती. त्या काळी अनेक घरांतून मुलींचे शिक्षण चार बुके वाचता येण्यापुरतेच होत असे. परंतु दुर्गाबाईंच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना कॅथीड्रल हायस्कूलमध्ये घातले. पुढे सेंट झेवियर महाविद्यालयातही त्या शिकू लागल्या. मराठी आणि कोंकणी घरच्या, इंग्रजी शाळेची. अशा रीतीने निरनिराळ्या भाषा त्यांच्या कानांवर व जिभेवर लहानपणीच रुळल्या. ह्या शिक्षणाचा आपल्याला पुढे कोठे उपयोग होणार आहे, हे त्या वेळी त्यांना काय ठाऊक असणार!

महाविद्यालयात शिकत असतानाच विश्वनाथ खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरही माहेरासारखेच संपन्न होते. बकुळ आणि हरीन असे दोन मुलगे त्यांना झाले. दिवस सुखात चालले होते. परंतु दैवाचे फासे फिरावयास वेळ लागत नाही. सासरच्या श्रीमंतीला ओहोटी लागली. होते नव्हते ते गेले. पती विश्वनाथ यांना दीर्घायुष्य लाभले नाही. दुःख गिळून, मुलांकडे पाहून उभे राहण्यावाचून दुर्गाबाईंना गत्यंतर नव्हते.

दुर्गाबाईंपुढे दोन वाटा होत्या. नातलगांच्या आश्रयाने राहणे, ही एक. स्वतःच्या श्रमांवर मुलांना वाढविणे, ही दुसरी. पहिली वाट सोपी होती आणि लोकांनी तिला नावेही ठेवली नसती. दुर्गाबाईंनी दुसरी वाट धरली. शिक्षण गाठीशी होते, म्हणून त्यांनी प्रथम शिकवण्या करण्यास आरंभ केला. परंतु शिकवण्यांच्या तुटपुंज्या मिळकतीत संसाराचा गाडा चालेना.

अशा वेळी चित्रपटात एक लहानसे काम करण्याविषयी त्यांच्याकडे विचारणा झाली. मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' ह्या चित्रपटातील ते काम होते. साल होते १९३१. त्याच वर्षी मार्च महिन्यात 'आलम आरा' हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट प्रदर्शित झाला होता आणि सर्व कंपन्यांची बोलपट काढण्याची धांदल उडाली होती. दुर्गाबाईंना अभिनयाचा अनुभव नव्हता. मोबदला मिळणार होता आणि त्याची घरात गरज होती, एवढ्यासाठी त्यांनी ते काम पत्करले.

चित्रपट प्रदर्शित झाला मात्र आणि दुर्गाबाईंवर टीकेचा भडिमार झाला. चित्रपट सुमार होता, लोकांना तो आवडला नाही. त्यातून अमक्या घराण्याची मुलगी, तमक्या घराण्याची सून पडद्यावर नाचते, म्हणून जो तो बोटे मोडू लागला. आपल्यामुळे दोन्ही कुळांना बोल लागला, ह्याचे दुर्गाबाईंना फार वाईट वाटले. पुन्हा म्हणून ह्या वाटेला जाऊ नये, असे कोणालाही वाटावे, असाच तो प्रसंग होता.

परंतु त्या लहानशा भूमिकेकडे एका जाणत्या माणसाचे लक्ष गेले होते. ते म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांताराम. १९२९ साली शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी ह्या पाच जणांनी कोल्हापुरास 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन केली होती. प्रभातने आता हरिश्चंद्राच्या कथेवर बोलपट काढण्याचे ठरविले. त्याचे नाव 'अयोध्येचा राजा'. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी नामवंत गायक नट गोविंदराव टेंबे यांची योजना झाली होती. तारामतीसाठी शांतारामांच्या डोळ्यांपुढे दुर्गाबाई आल्या.

ह्या बोलावण्याला काय उत्तर द्यावे? एकदा हात पोळले होते. पुन्हा अपयश आले असते, तर तोंड दाखविण्यास जागा उरली नसती. दुसऱ्या बाजूने पाहावे, तर मुलांचे शिक्षण आणि पोटापाण्याचा प्रश्न समोर होता. शिवाय काम चांगले असेल आणि ते चांगल्या रीतीने केले, तर त्यात कमीपणा का मानावा? दुर्गाबाईंनी होकार दिला.

मुंबईहून कोल्हापूर गाठणे त्या काळी सोपे नव्हते. आगगाडी कल्याण सोडून अंबरनाथ, बदलापूर, कर्जत ही स्थानके मागे टाकीत बोरघाट चढे. पुण्यास गाडी बदलावी लागे आणि तेथून अरुंद रुळांवरून धावणारी गाडी मिरजेवरून कोल्हापुरास पोहोचवी. मुंबईच्या सुखवस्तू घरात वाढलेल्या दुर्गाबाईंच्या दृष्टीने कोल्हापूरचा तो कलामंदिराचा परिसर म्हणजे एक निराळेच जग होते.

बोलपट तयार करणे हे त्या काळी मोठे जिकिरीचे काम होते. आज गाणे आधी ध्वनिमुद्रित करतात आणि नट-नटी पडद्यावर नुसते ओठ हलवितात. ही सोय १९३२ साली नव्हती. चित्रण चालू असताना प्रत्येक पात्राला स्वतः बोलावे लागे आणि स्वतःच गावे लागे. आवाज टिपणारे यंत्र प्रेक्षकांना दिसू नये, म्हणून आडोशाला लपवून ठेवीत. साथीची वाद्येही जवळपासच, पण दृष्टीआड बसवीत. पात्राने शब्द स्पष्ट उच्चारला पाहिजे, सूर सोडता कामा नये आणि चेहऱ्यावरचा भावही ढळता कामा नये. मध्येच बाहेर कोणी ओरडले किंवा एखादा कावळा जरी कोकलला, तरी सारा प्रसंग पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागे. त्यात 'अयोध्येचा राजा' हा मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत होता. त्यामुळे एका भाषेत प्रसंग साधला, की तोच प्रसंग तशाच ताकदीने दुसऱ्या भाषेत वठवावा लागे.

मूकपटात नुसते देखणे रूप आणि हातवारे यांवर निभावून नेता येत असे. बोलपटाने वाणीची परीक्षा घेण्यास सुरुवात केली. ज्यांचे उच्चार शुद्ध नाहीत, ज्यांना भाषेचा अर्थ उमगत नाही, त्यांचा पाड लागेना. कांदेवाडीच्या घरात आणि शाळा-महाविद्यालयांत दुर्गाबाईंना जे मिळाले होते, ते अशा रीतीने आयत्या वेळी उपयोगी पडले. जे कमी होते, ते त्यांनी परिश्रमांनी मिळविले. गाण्याचा सराव केला, संवाद घोकले, दिग्दर्शक सांगतील तितक्या वेळा तोच प्रसंग न कंटाळता करून दाखविला.

राजवैभव जाऊन दारोदार फिरण्याची पाळी आलेली राणी, काशीच्या बाजारात विकली जाणारी पत्नी आणि मुलाच्या मृत्यूने व्याकूळ झालेली माता, अशी तारामतीची तीन रूपे दुर्गाबाईंनी ह्या बोलपटात साकार केली. भरले घर रिकामे होणे म्हणजे काय आणि लेकरांसाठी मान खाली घालून कष्ट उपसणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. मराठी भाषेतील तो पहिला बोलपट होय. लोकांनी तो डोक्यावर घेतला. ज्यांनी वर्षापूर्वी नावे ठेवली होती, तेही तारामती पाहून डोळे पुसू लागले. कुलीन स्त्रीने चित्रपटात काम केले म्हणून तिचे कुलीनत्व जात नाही. उलट तिच्यामुळे त्या व्यवसायालाच मान प्राप्त होतो, हे दुर्गाबाईंनी वाद न घालता, आपल्या कामाने दाखवून दिले.

त्याच वर्षी प्रभातच्या 'माया मच्छिंद्र' ह्या बोलपटात त्यांनी स्त्रीराज्याच्या राणीची भूमिका केली. शोकाकुल तारामतीनंतर ही करारी राणीही त्यांना तितकीच शोभली. उंच बांधा, ताठ मान, भेदक डोळे आणि खणखणीत आवाज यांमुळे राणीची भूमिका करावी ती दुर्गाबाईंनीच, असे लोक म्हणू लागले.

त्या काळी नट-नटी एखाद्या कंपनीत मासिक वेतनावर बांधलेल्या असत. कंपनी सांगेल ते काम करावयाचे, दुसरीकडे जावयाचे नाही, अशी रीत होती. दुर्गाबाईंनी ही चाकोरी मोडली. प्रभातशी त्यांचा लोभ कायम राहिला. परंतु जेथे चांगली भूमिका मिळेल, तेथे त्या गेल्या. थेट कलकत्त्यास जाऊन देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी 'राजरानी मीरा' आणि 'सीता' ह्या बोलपटांत कामे केली. 'सीता' ह्या बोलपटात रामाची भूमिका पृथ्वीराज कपूर यांची होती. हा बोलपट १९३४ साली इटलीतील व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला आणि तेथे त्याचा गौरव झाला. आपल्या देशातील बोलपट परदेशच्या महोत्सवात जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

१९३६ साली प्रभातचा 'अमर ज्योती' आला. तोवर प्रभात कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली होती. ह्या बोलपटात दुर्गाबाईंनी सौदामिनी नावाच्या स्त्रीची भूमिका केली. राज्याचा कायदा सौदामिनीपासून तिचे मूल हिरावून घेतो. न्याय मागूनही मिळत नाही, तेव्हा ती समुद्रावर गलबत घेऊन निघते आणि जुलमी सत्तेविरुद्ध झुंज देते. सोसणारी स्त्री लोकांनी पडद्यावर पुष्कळ पाहिली होती. अन्यायाचा जाब विचारणारी स्त्री त्यांना नवी होती. हाही बोलपट व्हेनिसला दाखविला गेला. पुढल्याच वर्षी दुर्गाबाईंनी 'साथी' नावाच्या चित्रपटाची निर्मिती केली. चित्रपट काढण्याची जबाबदारी शिरावर घेणाऱ्या स्त्रिया त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

दुर्गाबाईंचा आणखी एक विशेष सांगण्यासारखा आहे. नायिका म्हणून कीर्ती मिळाली, की पुष्कळांना वय वाढलेले सोसत नाही. दुर्गाबाईंनी काळाशी भांडण केले नाही. १९४१ साली आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' ह्या चित्रपटात त्यांनी सुनेचा छळ करणारी सासू रंगविली. लोकांनी आपला राग करावा, अशीच ती भूमिका होती आणि लोकांनी राग केला, हेच तिचे यश. पुढच्या वर्षी 'भरत मिलाप' मध्ये त्या कैकेयी झाल्या. १९४३ साली सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वीवल्लभ' मध्ये त्यांनी मृणालवती ही मानी राजस्त्री उभी केली. पुढे आईच्या भूमिका त्यांच्याकडे चालून आल्या आणि त्या त्यांनी आनंदाने स्वीकारल्या. १९६० साली 'मुघल-ए-आझम' हा भव्य चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात एका बाजूला सम्राट अकबराची आज्ञा आणि दुसऱ्या बाजूला पुत्र सलीम यांच्यामध्ये सापडलेल्या जोधाबाईचे दुःख दुर्गाबाईंनी फार हळुवारपणे दाखविले. अकबर होते पृथ्वीराज कपूर. 'सीता' ह्या बोलपटात राम-सीता झालेले हे दोघे कलावंत सव्वीस वर्षांनी पुन्हा राजा-राणी म्हणून समोरासमोर आले होते.

रंगभूमीवरही दुर्गाबाईंनी मनापासून प्रेम केले. चित्रपटात चुकलेला प्रसंग पुन्हा घेता येतो; रंगमंचावर तशी सवलत नसते. तेथे प्रेक्षक समोर बसलेले असतात आणि गेलेला क्षण परत येत नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी भूमिका केल्या. १९५४ साली वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' ह्या नाटकावरून लिहिलेले 'राजमुकुट' रंगभूमीवर आले. त्यात नानासाहेब फाटक यांच्यासमोर दुर्गाबाईंनी महत्त्वाकांक्षी राणीची अवघड भूमिका केली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने पुरस्कार देऊन त्यांचा सन्मान केला.

बाहेर असा लौकिक वाढत असता घरातील दुःखे चुकली होती असे नव्हे. ज्या मुलांसाठी त्यांनी हा मार्ग धरला, त्यांपैकी हरीन यांचे ऐन उमेदीत निधन झाले. आईच्या काळजावर ह्याहून मोठा घाव कोणता असणार? परंतु दुर्गाबाई खचून घरात बसल्या नाहीत. काम हाच त्यांनी दुःखावरचा उतारा मानला. लघुपट व जाहिरातपट तयार करणारी संस्था त्यांनी उभी केली आणि ती नेटाने चालविली. पुढे दूरदर्शनचे युग आले. वयाची ऐंशी वर्षे उलटलेल्या दुर्गाबाईंनी त्या नव्या माध्यमाकडेही पाठ फिरविली नाही. १९८८ साली घरोघर आवडीने पाहिली गेलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्यांच्याच संस्थेने निर्माण केली होती. मूकपटांच्या अखेरीस कामास आरंभ केलेली ही स्त्री दूरचित्रवाणीच्या काळातही कार्यरत राहिली. आपल्या आयुष्याची कहाणी त्यांनी 'मी, दुर्गा खोटे' ह्या पुस्तकात सरळ, निर्मळ भाषेत लिहून ठेवली आहे.

मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९६८ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' ही पदवी दिली. १९७४ सालच्या 'बिदाई' ह्या चित्रपटातील आईच्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. आणि १९८३ सालासाठी भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च असा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. ज्या फाळके यांना तारामतीसाठी एक स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार मराठी बोलपटातील पहिल्या तारामतीला मिळाला! ह्याहून समर्पक योग कोणता असू शकेल?

आयुष्याच्या उत्तरार्धात मुंबईच्या गजबजाटापासून दूर, अलिबागजवळ त्यांनी घर केले होते. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे ३ मे २०१३ रोजी भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी भारतीय टपाल खात्याने चित्रपटसृष्टीतील थोर व्यक्तींची टपाल तिकिटे काढली. त्यांत दुर्गाबाईंचे तिकीट होते.

आज मुली नाटक-चित्रपटांत काम करतात, चित्रपटांचे दिग्दर्शन करतात, छायाचित्रण करतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. ही वाट आपोआप तयार झाली नाही. कोणीतरी प्रथम काटे तुडविले, बोल सोसले, तेव्हा ती मोकळी झाली. दुर्गाबाईंना वाट काढण्याची हौस नव्हती. मुलांना वाढविण्यासाठी त्या घराबाहेर पडल्या होत्या. परंतु हाती आलेले काम त्यांनी कधी कमी लेखले नाही आणि त्या कामापायी स्वतःलाही कमी लेखू दिले नाही. त्यांच्या मागून येणाऱ्या असंख्य मुलींना वाट मिळाली, ती अशा रीतीने.